कूलरच्या टाकीत बर्फ टाकून काय मिळतं?

ग्वाल्हेरला मे महिन्यात लू, म्हणजे गरम कोरडा वारा, सुटली की लश्कर भागातल्या घरांमध्ये दोन उपाय निघतात. टाकीत बर्फाची लादी टाकायची, नाहीतर मोठा कूलर आणायचा. शेजारी करतात म्हणून आपणही करतो. यापेक्षा मुळापासून हिशेब मांडलेला बरा. उष्णता नाहीशी होत नाही, फक्त जागा बदलते. तेव्हा तिला खोलीबाहेर कोण नेतं आणि किती, एवढंच बघायचं.

एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता लागते आणि ती पाणी हवेतूनच ओढून घेतं. कूलरची सगळी करामत एवढीच. आता बर्फ बघू. एक किलो बर्फ वितळायला 334 किलोज्यूल, आणि ते पाणी 25 अंशांपर्यंत यायला आणखी 105. पाच किलोच्या लादीचे सगळे मिळून 2,200 किलोज्यूल झाले, म्हणजे एक लिटर पाणी उडण्याइतकेही नाहीत. बारा बाय दहाच्या खोलीचा बरा कूलर तासाला 7-8 लिटर पाणी उडवतो. ती लादी त्याचं जेमतेम आठ मिनिटांचं काम करते. त्यात पाणी थंडगार झालं की ते उडतंही सावकाश.

मग कूलर असूनही घाम का येतो? बहुतेक वेळा दोष खिडकीचा असतो. हवा गार राहावी म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या की ओलसर हवा आतच कोंडते, आणि ओल्या हवेत पाणी उडत नाही. तासाला 1,200 घनमीटर हवा आत येत असेल, तर तेवढीच बाहेर जायला हवी. सेकंदाला एक मीटर वेग धरला तर समोरच्या बाजूला साडेतीन चौरस फूट उघडी जागा लागते, म्हणजे खिडकीची एक झडप पुरी उघडी. खात्री करायची असेल तर तिथे उदबत्ती धरा. धूर सरळ बाहेर ओढला गेला पाहिजे. तो घुटमळत असेल तर झडप आणखी उघडा. कूलर मात्र खिडकीच्या बाहेरच हवा. खोलीत ठेवलेला कूलर तीच ओली हवा पुन्हापुन्हा फिरवतो.

दुसरा दोष क्षारांचा. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. कूलरच्या खसाच्या (वाळ्याच्या) किंवा गवताच्या पडद्यावर पांढरी खपली धरते, तिथून पाणी ओघळत नाही आणि त्या कोरड्या पट्ट्यातून लू तशीच आत येते. टाकीत नुसती भर घालत राहू नका, दोन दिवसांनी ती पुरी रिकामी करा.

कूलर जास्तीत जास्त किती गार करेल, हेही घरी मोजता येतं. भिंतीवरच्या साध्या थर्मामीटरच्या फुग्याला ओल्या मलमलीची पट्टी गुंडाळा आणि सावलीत पंख्यासमोर धरा. मे महिन्यात कोरडा थर्मामीटर 42 दाखवत असताना ओला 24 च्या आसपास थांबतो. चांगला पडदा या 18 अंशांच्या फरकातला साधारण तीन चतुर्थांश मिळवून देतो, म्हणून हवा 28-29 अंशांची येते. जुलैत पाऊस लागला की हाच फरक तीन-चार अंशांवर येतो. तेव्हा पंप बंद करावा आणि नुसता पंखा चालवावा.