कुंपणाची मेंदी आणि हाताची मेंदी

पुण्यात बंगल्याच्या किंवा जुन्या सोसायटीच्या कडेने कातरलेली हिरवी भिंत दिसली की आपण सरसकट म्हणतो, ‘मेंदीचं कुंपण’. लहानपणी नागपंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही बहिणींनी याच भरवशावर शेजारच्या कुंपणाचा पाला ओरबाडून आणला, काथ घालून पाट्यावर वाटला आणि रात्रभर हात बांधून झोपलो. सकाळी तळहातावर काथाचा फिकट डाग, बाकी काही नाही. आजीने उरलेला गोळा हुंगला आणि म्हणाली, “अगं पोरींनो, ही कोयनेल. हिला कुठला रंग?”

कोयनेल म्हणजेच वनजाई. काही जण तिला कडू मेंदीही म्हणतात. नावातल्या या मेंदीमुळेच सगळा घोळ होतो. खरं तर दोघींचं नातं काही नाही. हाताची मेंदी डाळिंबाच्या कुळातली, कोयनेल तुळशीच्या. पण स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली दोघींच्याही शास्त्रीय नावात ‘इनर्मिस’, म्हणजे बिनकाट्याची, हा एकच शब्द घातला. कोयनेलला तो शोभतो. मेंदी मात्र जुनी झाली की तिच्या आखूड फांद्यांची टोकं काट्यासारखी टोचतात.

ओळखायचं असेल तर एक डहाळी हातात घ्या. दोघींची पानं समोरासमोर जोडीने येतात, त्यामुळे नजर फसते. मेंदीचं पान लहान, दोन्ही टोकांना निमुळतं आणि जवळजवळ बिनदेठाचं असतं. कोयनेलचं पान थोडं मोठं, जाडसर, वरून तुकतुकीत, आणि त्याला स्पष्ट देठ असतो. चुरगळलं की उग्र, नकोसा वास येतो. फुलं आली तर शंकाच उरत नाही. मेंदीला बारीक, पिवळसर पांढऱ्या फुलांचे सुवासिक झुबके येतात. कोयनेलच्या पांढऱ्या फुलाला लांब नळी असते आणि तिच्यातून जांभळट पुंकेसर मिशांसारखे बाहेर डोकावतात.

कुंपणासाठी मी डोळे झाकून कोयनेल लावायला सांगेन. मेंदीचंही कुंपण होतं, पण ते विरळ राहतं, आणि पाणी फार दिवस तुटलं की ती पानं गाळते. बारमाही हिरवा आडोसा हवा असलेल्याची तिथे निराशा होते. कोयनेल मुळात समुद्रकिनाऱ्याची, खाडीकाठची. बोअरचं थोडं खारट पाणी ती सहज सोसते, आणि कडवटपणामुळे गुरं तिच्या वाटेला फारशी जात नाहीत.

लागवडीला जूनचा पहिला चांगला पाऊस गाठावा. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची काडी घ्यायची आणि निम्मी मातीत खोचायची. चर खणून त्यात शेणखत मिसळलेलं असावं. दोन ओळी, दोन काड्यांत साधारण फूटभर अंतर, आणि एका ओळीतली काडी दुसऱ्या ओळीतल्या फटीसमोर.

दाटपणा मात्र खतापेक्षा कात्रीवर ठरतो. बहुतेकांचा हात इथेच अडतो. रोप फूटभर झालं की शेंडा कापायचा. जीव तुटतो, पण कापायचाच. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक खाली उतरून बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या दोन-तीन होतात. पुढे दर चार-सहा इंच वाढीला पुन्हा छाटणी. उंचीची घाई करून शेंडे राखले तर वर छत्री आणि खाली उघडे खुंट, अशी कुंपणं प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांतही सापडतील. दुसरी गोष्ट आकाराची. कुंपण तळाशी रुंद आणि वर किंचित अरुंद ठेवावं. माळी सवयीने उलटं कापतात. मग वरच्या सावलीत खालची पानं झडतात. त्यांच्याशेजारी उभं राहून सांगावं, “दादा, खालून कमी काढा.”

एप्रिल-मेच्या उन्हात मोठी छाटणी करू नये, आतली कोवळी पानं करपतात. कुंपण आधीच पायाशी उघडं पडलं असेल तर जूनमध्ये धीर करून फूट-दीड फुटावर कापा. कोयनेल जुन्या खोडातूनही फुटते.

आणि हाताची मेंदी? एक झाड परसात, भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा असलेल्या कोपऱ्यात, मोकळं वाढू द्या. फुलं नव्या फुटव्याच्या टोकाला येतात. सारखं कातरत राहिलं तर सुगंधही नाही.