पिकअप जातो, लाइट लागतो आणि गॅरेजमध्ये गेलं की सगळं ठीक

हल्ली चेक इंजिनचा पिवळा लाइट लागला की पहिला संशय पेट्रोलमधल्या इथेनॉलवर जातो. सोसायटीच्या ग्रुपवर कोणी लिहितं की विक्रोळीजवळ हायवेवर अचानक पिकअप गेला, गाडी वीस-तीसच्या वर जाईना, की लगेच खाली उत्तरं येतात, ई-२० मुळे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे झालं असणार. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते हे खरं आहे, त्यामुळे २० टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी होते आणि ॲव्हरेज थोडं पडतं, जुन्या गाड्यांच्या रबरी भागांचा प्रश्न वेगळा आहे तोही खरा. पण टाकीतलं पेट्रोल सकाळी तेच आणि संध्याकाळीही तेच ना. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं, परत चालू केलं आणि ती एकदम नीट पळायला लागली तर पेट्रोल मधल्या मधे बदललं नाही. जो बिघाड येतो-जातो त्याचं कारणही येणारं-जाणारं असायला हवं, आणि असं कारण बरेचदा कुठल्यातरी वायरीच्या टोकाला असतं.

मुळात पिकअप गेला म्हणजे इंजिन थकलं असं नाही, अनेकदा गाडीच्या कॉम्प्युटरने, म्हणजे ईसीयूने, तो मुद्दाम कापलेला असतो. पूर्वी एक्सलरेटरपासून इंजिनच्या थ्रॉटलपर्यंत, म्हणजे आत जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेपर्यंत, सरळ केबल जायची. आता बहुतेक गाड्यांत केबल नाहीये, पेडलवर सेन्सर असतो, तो व्होल्टेज पाठवतो आणि ईसीयू मोटरने थ्रॉटल उघडतो. आता समजा त्या एकाच सेन्सरची वायर बिघडली आणि पेडल सोडलेलं असताना "पूर्ण दाबलंय" असा सिग्नल गेला तर? म्हणून पेडलला दोन सेन्सर असतात. अनेक गाड्यांत दुसऱ्याचं व्होल्टेज पहिल्याच्या बरोबर निम्मं ठेवतात, पहिला १ व्होल्ट तर दुसरा ०.५, पहिला ४ तर दुसरा २. ईसीयू हे गणित सेकंदाला कितीतरी वेळा तपासतो, आणि जमलं नाही की कुठला सेन्सर खरं सांगतोय हे त्याला कळायला मार्ग नसतो, मग तो दोघांवरचा विश्वास काढून घेतो, थ्रॉटल जेमतेम उघडा ठेवतो आणि गाडी हळूहळू घरी नेण्यापुरती ताकद देतो. याला लिम्प मोड म्हणतात. स्कॅनर लावला तर पी २१३८ सारखा कोड दिसतो, त्याचा अर्थ एवढाच की दोन व्होल्टेजचा मेळ बसला नाही. सेन्सर खराब आहे असं तो कोड कुठेही म्हणत नाही.

मग मेळ का बसत नाही? इथे मला जी गोष्ट सगळ्यात भारी वाटते ती येते. वायरी जिथे जोडतात त्या कपलरमधल्या पिनांवर बहुधा कथलाचा मुलामा असतो. कथलावर हवेत लगेच ऑक्साइडचा पातळ, कडक थर येतो. कपलर दाबून बसवला की तो थर तडकतो, आतलं स्वच्छ कथिल कथलाला भिडतं आणि जोडाचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, काही मिलिओहम (ओहमचा हजारावा भाग) एवढाच राहतो. पण गाडी थरथरते, इंजिन तापतं, निवतं, धातू प्रसरण-आकुंचन पावतात, आणि पिना एकमेकींवर काही मायक्रोमीटर पुढेमागे घासत राहतात, माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड म्हणजे हालचाल केसापेक्षाही बारीक. दर घासणीला थोडं ताजं कथिल उघडं पडतं, त्याचं ऑक्साइड होतं, ती पूड तिथेच साचते, परत घासतं, परत साचते. रोध हळूहळू वाढत नाही, उसळ्या मारतो, क्षणात मिलिओहम, क्षणात दहा-वीस ओहम. आता बघा, सेन्सर १० मिलिअँपिअर घेत असेल आणि त्याच्या अर्थिंगच्या पिनेत, म्हणजे करंट परत जाण्याच्या पिनेत, २० ओहम आले तर ०.२ व्होल्टचा फरक पडतो. ०.५ च्या जागी जवळपास ०.७ गेलं, निम्म्याचं गणित मोडलं, पिकअप गेला. आपल्याकडे त्यात पेव्हर ब्लॉकचे हादरे, जून ते सप्टेंबरची दमट हवा, समुद्राचं मीठ आणि बॉनेट उघडून प्रेशरने पाणी मारायची सवय, म्हणजे कपलरचं रबर सील जरा ढिलं असलं की आत ओल शिरते. एअरबॅगसारख्या ठिकाणी अनेकदा सोन्याचा मुलामा वापरतात तो याचसाठी, सोन्यावर असा थर येत नाही.

टीव्हीच्या रिमोटचे सेल जागेवर फिरवले की तो परत चालतो, तिथेही हेच होतं, घासून टोकं स्वच्छ होतात. म्हणून गॅरेजमध्ये जुना सेन्सर काढून नवा लावला की गाडी सुधारते, बिल हजारोंचं येतं, आणि काही महिन्यांनी तोच लाइट परत. अशा वेळी सुधारणा बहुधा सेन्सरने केलेलीच नसते, कपलर काढून परत बसवल्याने झालेली असते.

आणि लाइट आपोआप गेला म्हणजे बिघाड बरा झाला असंही नाही. ओबीडीच्या, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष स्वतः तपासण्याच्या व्यवस्थेच्या, नियमात सलग तीन वेळा गाडी चालवताना तोच दोष दिसला नाही तर लाइट विझतो, कोड मात्र मेमरीत त्यानंतरही राहतो, साधारणपणे इंजिन ४० वेळा गरम होईपर्यंत. शनिवारी नवं लिंबू-मिरची बांधलं आणि मंगळवारी लाइट गेला तर तो या मोजणीने गेला. पेट्रोलमध्ये ओतायच्या महागड्या बाटल्यांचं श्रेयही असंच फुकटचं असतं, बाटली कपलरपर्यंत पोचतच नाही.

लाइट लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी आहे. तेव्हा मिसफायर होत असतो, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसतं, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन त्याला जाळू शकतं, गाडी बाजूला घ्या. स्थिर लाइट असेल आणि पिकअप गेला असेल तर गॅरेजमध्ये पहिल्यांदा सांगा की कोड पुसू नका आणि बॅटरीचं टर्मिनलही काढू नका. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम नावाची नोंद असते, दोष आला त्या क्षणी स्पीड किती होता, इंजिन किती गरम होतं, किती लोड होता, आणि कोड पुसला की तीही जाते. मग स्कॅनरवर दोन्ही सेन्सरच्या व्होल्टेजचा आलेख लाइव्ह लावायला सांगा, पेडल हळूहळू दाबा आणि दुसऱ्याला कपलर अन् वायरी हाताने हलवायला सांगा. हलवताना दोनातली एकच रेघ उडी मारली तर जागा सापडली. कपलर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, पीन ढिली झाली असेल तर पीनच बदलायची, सील नवं टाकायचं, आणि मग फ्रीझ फ्रेममध्ये जो स्पीड, जेवढं तापमान दिसलं होतं त्याच अवस्थेत गाडी नेऊन त्या दोन रेघा परत बघायच्या.