टल्सात ‘दंगल’ झाली नव्हती

1921 साली अमेरिकेतल्या टल्सा शहरात जे घडलं त्याला मराठीत आजही सर्रास ‘वांशिक दंगल’ म्हणतात. दुरुस्त करायला जावं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘दंगल काय नि हत्याकांड काय, माणसं मेलीच ना?’ मेलीच. पण या दोन शब्दांमधल्या फरकाची किंमत तिथल्या लोकांनी घरंदारं गमावून मोजली.

दंगल म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. 1967 ची डेट्रॉइटची दंगल होती. पोलिसांनी बेकायदा दारूअड्ड्यावर छापा घातला, रस्त्यावर जमाव जमला आणि काही दिवसांत 43 माणसं गेली, त्यांतली 33 कृष्णवर्णीय. अन्याय तिथंही झाला, भरपूर झाला.

मृतांच्या संख्येवरून फरक ठरतो, ही समजूत आधी डोक्यातून काढा. टल्साचा अधिकृत आकडा 36, म्हणजे डेट्रॉइटपेक्षा कमीच. (इतिहासकारांचे अंदाज 300 पर्यंत जातात.) पहिली गोळी कोणाची, यावरूनही ठरत नाही. बिल्ला कोणाच्या छातीवर होता आणि नंतर कोंडलं कोणाला, ते बघा.

लिफ्टमधल्या गोऱ्या मुलीवर हल्ला केल्याच्या आरोपावरून बूटपॉलिश करणाऱ्या एका कृष्णवर्णीय तरुणाला अटक झाली. 31 मेच्या संध्याकाळी कोर्टापुढे गोऱ्यांचा जमाव जमला. तरुण जमावाच्या हाती लागू नये म्हणून कृष्णवर्णीय माणसं, त्यांत काही माजी सैनिक, हत्यारं घेऊन आली. झटापटीत गोळी सुटली. इथवरच्या प्रकाराला कोणी दंगल म्हटलं तर मी भांडणार नाही. पण पुढे पोलिसांनी शेकडो गोऱ्यांना उभ्या उभ्या हंगामी पोलीस करून टाकलं, कित्येकांना बंदुका दिल्या, आणि 1 जूनच्या पहाटे ग्रीनवूड या कृष्णवर्णीयांच्या भरभराटीच्या वस्तीवर हल्ला झाला. वस्तीचे 35 ब्लॉक, म्हणजे चार रस्त्यांमधले एकेक तुकडे, जळाले, हजारावर घरं राख झाली.

आपण ‘दंगल उसळली’, ‘भडकली’, ‘पेटली’ म्हणतो. यातल्या एकाही क्रियापदाला करणारा माणूस लागत नाही. त्यात कुस्त्यांची दंगल आपल्या कानात बसलेली, म्हणजे आखाड्यात दोन मल्ल आलेच. ‘दोन गटांत’ हा वर्तमानपत्री शब्दप्रयोग तर मला अजिबात सहन होत नाही. झोपेतून उठवून ज्याला घराबाहेर काढलं, तो कुठला गट?

हजारो कृष्णवर्णीयांना सभागृहात, बेसबॉलच्या मैदानात, जत्रेच्या पटांगणात कोंडलं. एखादा गोरा हमी द्यायला आला तर सुटका. मग प्रत्येकाला हिरवं ओळखपत्र: नाव, पत्ता, नोकरी देणाऱ्या मालकाची सही. ज्याचं घर जळलं त्यानंच आपण भले आहोत याचा कागद जवळ बाळगायचा! ग्रँड ज्युरीनं, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळानं, दोष ठेवला तो कोर्टापाशी हत्यारं घेऊन आलेल्या कृष्णवर्णीयांवर. खून किंवा जाळपोळीसाठी एकाही गोऱ्याला शिक्षा झाली नाही. वर नगरपालिकेनं आगप्रतिबंधाचे असे नियम काढले की जळाल्या जागी पुन्हा घर बांधणंच परवडू नये. बी. सी. फ्रँकलिन या कृष्णवर्णीय वकिलानं तंबूत कचेरी थाटून ते नियम कोर्टात पाडले. नुकसानभरपाईचे 18 लाख डॉलरचे दावे मात्र नगरपालिकेनं फेटाळले. अपवाद एका गोऱ्या दुकानदाराचा, ज्याच्या दुकानातून बंदुका नेल्या होत्या.

विमा उतरवलेला होता, त्यांचं काय? पॉलिसीत कलम होतं: दंगलीत झालेलं नुकसान कंपनी भरून देणार नाही. ‘दंगल’ एवढ्या एका शब्दावर पैसे अडले. ग्रीनवूडमध्ये थिएटर असलेला रेडफर्न नावाचा गोरा मालक कोर्टात गेला आणि प्रकरण ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. 1926 च्या निकालात न्यायालयानं स्वतःच नोंदवलं की आगी लावणाऱ्यांपैकी अनेकांच्या अंगावर पोलिसांचे बिल्ले होते. तरीही ही दंगलच ठरली, आणि रेडफर्नला विम्याचा एक डॉलरही मिळाला नाही.