इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्र (भारत)

मतपत्रिका आणि मतपेटी यांच्याऐवजी मत नोंदवणारे व मोजणारे बॅटरीवरील यंत्र. रूढ नाव ईव्हीएम. ते इंटरनेटला किंवा दुसऱ्या कोणत्याही जाळ्याला जोडलेले नसते. भारतात यंत्र आधी आले, त्याला मान्यता देणारा कायदा मागाहून झाला, आणि त्यावरचा विश्वास वाढवणाऱ्या तरतुदींसाठी नागरिकांना व पक्षांना वारंवार न्यायालयात जावे लागले.

पारूरचा खटला

मुख्य निवडणूक आयुक्त श्यामलाल शकधर यांनी १९७७ मध्ये ही कल्पना पुढे आणली. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने १९७९ मध्ये नमुना तयार केला आणि ६ ऑगस्ट १९८० रोजी तो राजकीय पक्षांना दाखवण्यात आला. पुढे बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनीही निर्मितीत आली. आजही याच दोन सरकारी कंपन्या यंत्रे बनवतात.

पहिला प्रत्यक्ष वापर १९ मे १९८२ रोजी केरळातील पारूर विधानसभा मतदारसंघात ५० मतदान केंद्रांवर झाला. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सिवन पिल्लै १२३ मतांनी निवडून आले. पराभूत काँग्रेस उमेदवार ए. सी. जोस यांनी यंत्राच्या वापरालाच आव्हान दिले. संविधानाच्या अनुच्छेद ३२४ने निवडणुकांचे नियंत्रण आपल्याकडे दिले असल्याने मतदानाची पद्धत आपण ठरवू शकतो, अशी आयोगाची भूमिका होती. सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च १९८४ रोजी ती अमान्य केली. संसदेचा कायदा आणि त्याखालील नियम मतपत्रिकेची पद्धत सांगत असतील, तर आयोग आपल्या आदेशाने ती बाजूला सारू शकत नाही, असा हा निकाल. प्रश्न अधिकाराचा होता, यंत्राच्या गुणदोषांचा नव्हे. त्या ५० केंद्रांवर मतपत्रिकेने पुन्हा मतदान झाले आणि जोस विजयी झाले.

दुरुस्ती यायला चार वर्षे लागली. डिसेंबर १९८८ मध्ये लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये यंत्राने मतदान घेण्याची मुभा देणारे कलम ६१अ घालण्यात आले. ते १५ मार्च १९८९ पासून लागू झाले. निवडणूक संचालन नियमांतील आवश्यक बदल १९९२ मध्ये अधिसूचित झाले. कायदेशीर वाट मोकळी झाली तरी पक्षांची सहमती होत नव्हती. १९८९-९० मध्ये तयार झालेली यंत्रे नोव्हेंबर १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान व दिल्लीतील १६ विधानसभा मतदारसंघांत वापरली गेली. २००४ मध्ये लोकसभेच्या सर्व ५४३ जागांसाठी यंत्रानेच मतदान झाले.

रचना आणि मतदानाची प्रक्रिया

संचात तीन भाग असतात: मतदान कर्मचाऱ्यांकडे कंट्रोल युनिट, आडोशामागे बॅलेट युनिट आणि त्याच्या शेजारी व्हीव्हीपॅट हा छापील पावती देणारा भाग. एका बॅलेट युनिटवर ‘नोटा’ धरून १६ बटणे असतात. उमेदवार वाढले की युनिटे जोडत जातात. एम-३ या पिढीत अशी २४ युनिटे, म्हणजे ३८४ बटणे, चालू शकतात.

कर्मचाऱ्याने कंट्रोल युनिटवरील ‘बॅलेट’ बटण दाबल्याशिवाय मत देता येत नाही. मतदाराने निळे बटण दाबले की उमेदवारासमोर लाल दिवा लागतो, अनुक्रमांक, नाव व चिन्ह असलेली पावती काचेमागे ७ सेकंद दिसते, मग कापली जाऊन पेटीत पडते आणि लांब बीप वाजते. पुढच्या मतासाठी ‘बॅलेट’ पुन्हा दाबावे लागते. केंद्रावर कब्जा करणाऱ्यांना मतपत्रिकांवर भराभर शिक्के मारता येत. इथे मतांचा वेगच मर्यादित राहतो आणि केंद्राध्यक्ष ‘क्लोज’ दाबून मतदान थांबवू शकतो.

मतदानापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप (चाचणीचे) मतदान होते. नंतर क्रमाने ‘क्लोज’, ‘रिझल्ट’, ‘क्लिअर’ दाबायचे, पावत्या मोजून निकालाशी जुळवायच्या आणि व्हीव्हीपॅटची पेटी रिकामी करून सील करायची. नेहमीची चूक इथेच होते. ‘क्लिअर’ राहून गेले तर अभिरूप मते खऱ्या मतांत मिसळतात आणि एकूण आकडा नमुना १७ सी मधील, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाच्या कागदातील, नोंदीशी जुळत नाही. दिवसाअखेर ‘क्लोज’ दाबायचे राहिले, तर मोजणीच्या टेबलावर यंत्र निकाल दाखवत नाही. अशी यंत्रे बाजूला ठेवतात. विजयी फरक त्यांतील मतांपेक्षा जास्त नसेल तर त्यांच्या पावत्या मोजतात. प्रतिनिधीने १७ सी ची प्रत घेणे म्हणूनच फार महत्त्वाचे: यंत्र तेच आहे का आणि मते तितकीच आहेत का, हे पडताळण्याचे त्याच्या हातातले ते सर्वांत सोपे साधन आहे.

पावतीचा वाद

यंत्रात शिरकाव करता येतो, असे हरी प्रसाद, ॲलेक्स हाल्डरमन व रॉप गोंग्रिप या संगणक सुरक्षा संशोधकांनी २०१० मध्ये प्रत्यक्ष यंत्रावर दाखवले. त्यासाठी यंत्र हातात असणे मात्र गरजेचे होते. नियमांत ऑगस्ट २०१३ मध्ये पावतीची तरतूद झाली आणि सप्टेंबरमध्ये नागालँडमधील नोकसेन पोटनिवडणुकीत ती प्रथम वापरली गेली. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने कागदी पुरावा ही मुक्त व न्याय्य निवडणुकीची अनिवार्य गरज ठरवली.

छपाईचा भागच संचातला सर्वांत नाजूक. मे २०१८ मध्ये भंडारा-गोंदिया व कैराना पोटनिवडणुकांत व्हीव्हीपॅट मोठ्या संख्येने बंद पडले आणि अनेक केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. प्रखर प्रकाशाने आतला सेन्सर फसतो, दमट हवेने कागद बिघडतो. पुढे सेन्सरवर झाकण आणि ओलाव्याला टिकणारा कागद आला.

पावत्या किती मोजायच्या, हा वाद अधिक चिवट ठरला. एका विधानसभा क्षेत्रातील एका केंद्राऐवजी पाच केंद्रांच्या पावत्या मोजाव्यात, असे न्यायालयाने ८ एप्रिल २०१९ रोजी सांगितले. सर्व पावत्या मोजण्याची मागणी २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली गेली. मात्र त्याच निकालाने व्हीव्हीपॅटमध्ये उमेदवारांची चिन्हे भरणारी उपकरणे निकालानंतर ४५ दिवस सीलबंद ठेवणे बंधनकारक केले, आणि दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ५ टक्के यंत्रांतील मायक्रोकंट्रोलरची (यंत्र चालवणाऱ्या चिपची) तपासणी मागता येऊ लागली. अर्ज निकालापासून सात दिवसांत, खर्च उमेदवाराचा. फेरफार आढळला तर पैसे परत. पावत्या आणि यंत्राचा आकडा यांत तफावत निघाली, तर नियम ५६ड नुसार पावत्यांची मोजणी ग्राह्य धरतात.

या चौकटीबाहेरच्या पडताळणीला कायद्यात जागा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घेण्याचे ठरवले, तेव्हा प्रशासनाने जमावबंदी लागू केली आणि ते होऊ शकले नाही.