दुसरा हात देताना: मॉडेलसाठी अ‍ॅक्रिलिक रंगांची निवड

1/72 प्रमाणातल्या मॉडेल विमानाच्या पंखावर रंगाचा थर 0.05 मिलिमीटर जाड बसला, तर खऱ्या विमानाच्या मापाने तो साडेतीन मिलिमीटरहून जाड ठरतो, आणि पत्र्यांच्या सांध्यांच्या बारीक रेषा त्याखाली बुजून जातात. म्हणून कुंचल्याने रंगवणाऱ्याला एका जाड थराऐवजी पातळ रंगाचे दोन-तीन हात द्यावे लागतात. अशा कामासाठी अ‍ॅक्रिलिक निवडताना माझ्या मते छटेच्याही आधी पाहायचे ते हे, की पहिल्या हातावर दुसरा हात कसा बसतो.

बाटलीवर ‘अ‍ॅक्रिलिक’ हा एकच शब्द असला तरी आतल्या रंगाची घडण निरनिराळी असते. स्पेनमधल्या व्हायेहो कंपनीचा ‘मॉडेल कलर’ पाण्यात बनवलेला असतो. भिंतीच्या इमल्शनप्रमाणे त्यातही राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते एकमेकांना भिडतात, दबतात आणि एकजीव होऊन त्यांचा सलग पापुद्रा बनतो. हा पापुद्रा नीट जुळून आला की पाण्याने पुन्हा विरघळत नाही, त्यामुळे दुसरा हात निर्धास्तपणे देता येतो. जपानच्या तामियाच्या अ‍ॅक्रिलिक रंगांत अल्कोहोलसारखे द्रावक असतात. एअरब्रशमधून, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनातून, ते फारच सुरेख बसतात. पण कुंचल्याने दुसरा हात देताना ताज्या रंगातला द्रावक खालचा थर मऊ करतो, आणि त्याच जागी कुंचला पुन्हा फिरवला तर तो थर गुठळ्या होऊन उचलला जातो व खालचे प्लास्टिक उघडे पडते. तोच रंग वापरायचा असेल, तर त्यात रिटार्डर मिसळून वाळण्याचा वेग कमी करावा, पहिला हात पूर्ण वाळू द्यावा आणि एकदा ओढलेल्या रेघेवरून कुंचला परत नेऊ नये.

रंग झाकतो किती, हे रंगद्रव्यावर ठरते. पांढऱ्या रंगातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) सुमारे 2.7, तर अ‍ॅक्रिलिक राळेचा सुमारे 1.5 असतो, या मोठ्या फरकामुळे प्रकाश विखुरतो आणि पांढरा रंग खालचे झाकतो. अनेक पिवळ्या व लाल सेंद्रिय रंगद्रव्यांत हा फरक कमी असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पंखांच्या पुढच्या कडेवर पिवळी पट्टी असे. ती थेट गडद हिरव्यावर रंगवली तर चार हातांनंतरही मळकट दिसते, आणि आधी पांढरा हात दिला तर दोन हातांतच उजळते.

मॉडेलचे पॉलिस्टायरिन पाण्याला सहजी ओले होऊ देत नाही. त्यात साच्यातले तेल राहिलेले असेल, तर पाण्यातला रंग थेंबाथेंबांनी आक्रसतो. म्हणून सुटे भाग भांडी घासायच्या साबणाने धुवावेत व प्रायमरचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या अस्तराचा, हात द्यावा.

रंग पातळ करताना नुसते पाणी फार घातले, तर राळ विरळ होऊन पापुद्रा कमजोर राहतो. त्याच कंपनीचे थिनर हा सुरक्षित मार्ग आहे. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात रंग कुंचल्यावरच वाळू लागतो, तेव्हा ओल्या स्पंजावर बेकिंग पेपर पसरून केलेली ओली पॅलेट फार उपयोगी पडते. कोकणात पावसाळ्यात याच्या उलट घडते: हाताला कोरडा लागणारा थरही आतून मऊ असतो, म्हणून त्यावर मास्किंग टेप (रंग नको तो भाग झाकायची चिकटपट्टी) चिकटवण्याआधी निदान एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा.