कोणत्या मांजरासारखी?

मावसबहिणीच्या मुलीची पत्रिका परवा योनीवर, म्हणजे नक्षत्रावरून ठरणाऱ्या प्राण्यावर, अडली. तिचं नक्षत्र पुनर्वसू, म्हणून योनी मांजर. मुलाचं मघा, म्हणून उंदीर. वैरयोनी! ३६ पैकी योनीचे ४ गुण गेले आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. त्याच रात्री घरच्या ग्रुपवर ‘तुमच्या स्वभावाशी जुळणारा प्राणी ओळखा’ ही प्रश्नावली आली, तर तीच मंडळी हौसेनं वाघ आणि डॉल्फिन होऊन मोकळी झाली.

अशी वर्णनं किती सहज पटतात, हे बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये दाखवलं. ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन त्यानं प्रत्येकाला ‘खास त्याचं’ स्वभाववर्णन दिलं. अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण मिळाले. मजकूर सगळ्यांना एकच दिला होता. पण मला त्याहून मोठी चूक दिसते ती ही, की एका जातीच्या सगळ्या प्राण्यांचा स्वभाव एकच, असं आपण धरूनच चालतो.

युरोपात ग्रेट टिट नावाचा चिमणीएवढा पक्षी आहे, आपल्याकडच्या राखी वल्गुलीचा भाऊबंद. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी रानातले हे पक्षी एकेक करून पाच लाकडी ‘झाडं’ असलेल्या अनोळखी खोलीत सोडले आणि पहिल्या दोन मिनिटांतल्या हालचाली मोजल्या. एखादा भराभर पाचही झाडं पालथी घालतो, तर दुसरा बसल्या फांदीवरून मानच तेवढी वळवत राहतो. पुन्हा सोडलं तरी बराचसा तसाच वागतो. वेगवान आणि सावकाश पक्ष्यांची वेगवेगळी पैदास केली, तर चार पिढ्यांत दोन्ही गट स्पष्ट वेगळे झाले. म्हणजे हा स्वभाव काही अंशी आनुवंशिक आहे.

मग नैसर्गिक निवडीनं दोहोंतला एक प्रकार कधीच पुसून का टाकला नाही? संशोधक नील्स डिंगेमान्से आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये याचं जे उत्तर मांडलं, ते मला फार आवडतं. हिवाळ्यात या पक्ष्यांची मोठी भिस्त बीच झाडाच्या बियांवर. काही वर्षी बियांचा सडा पडतो, काही वर्षी जवळपास काहीच नाही. दुष्काळी हिवाळ्यात खाण्यासाठी चढाओढ लागते. तिथे नरांपुढे माद्यांचं चालत नाही, म्हणून वेगवान माद्या जास्त तगतात. पण त्या हिवाळ्यात पक्षी मरतातही पुष्कळ, त्यामुळे वसंतात जागा मोकळ्या असतात आणि हद्दीसाठी फारसं न भांडणारे सावकाश नर टिकतात. सुकाळात सगळं उलटं: सावकाश माद्या तगतात, आणि गर्दीत हद्द राखायला वेगवान नर सरस ठरतात. निवडीचा दाब असा बियांच्या पिकाप्रमाणे दिशा बदलतो, शिवाय नर-माद्यांवर विरुद्ध पडतो. त्यामुळे त्या स्वभावामागची जनुकीय विविधता संपत नाही.

या पक्ष्यांना ‘शूर’ आणि ‘भित्रा’ म्हणायचं मी टाळते. वेगवान पक्षी पटकन सवयीत अडकतो. खाण्याची जागा बदलली तरी जुन्याच जागी जात राहतो. फांदीवर बसून मान वळवणाऱ्याच्या ते आधी लक्षात येतं.