गडाखालचं भुयार खरंच दुसऱ्या गडावर निघतं का?

फिरत आलेला समज असा: बंडाळीत लुटारूंच्या टोळ्या आल्या की कोकणातले गावकरी गडावरच्या भुयारात शिरत आणि दोन कोसांवरच्या दुसऱ्या गडावर निघत.

कागदावर हिशोब मांडा. दोन कोस म्हणजे ढोबळ ५ किलोमीटर धरू. ५ किलोमीटर लांब, १ मीटर रुंद, २ मीटर उंच भुयार म्हणजे १०,००० घनमीटर खडक. जांभ्यासारखा हलका दगड धरला तरी वजन २०,००० टनांच्या आसपास. एवढी खडी गेली कुठे? हवेसाठी वर झरोके हवेत, तेही दिसत नाहीत. शिवाय कोकणातला पाऊस! उपशाची सोय नसेल तर पहिल्याच आषाढात भुयार तुंबेल.

मग गडावर भुयार म्हणून दाखवतात ते काळोखं तोंड कसलं? बहुधा खांबटाकं, म्हणजे खडकात कोरलेलं, आत खांब सोडलेलं पाण्याचं टाकं. बाहेरूनच बॅटरी मारा: छत पेलायला सोडलेले दगडी खांब, भिंतीवर पाण्याची आडवी रेघ, तोंडाशी जादा पाणी जायची पन्हळ. आत मात्र उतरू नका, कोंडलेली हवा जिवावर बेतते.

चोरदरवाजे मात्र खरे. ते तटाखालीच उघडतात, पुढे झाडीतली पायवाट. लोक जीव वाचवत ते अशाच वाटांनी, रानात नाहीतर माचीवर, म्हणजे गडाच्या खालच्या सपाटीवर. गुरं आणि धान्यही सोबत न्यायचं असे, ते मीटरभर रुंदीच्या बोळातून जमलं नसतं.